डेलच्या गॅरेजमधलं शस्त्रपूजन

अमेरिकेहून परत येऊन महिना झाला, पण ठाण्यात टेंभी नाक्यावर चहाला उभा राहिलो की अजून कोणी ना कोणी विचारतोच, "काका, तिकडे म्हणे वाण्याकडे बंदुका मिळतात?" वाण्याकडे नाही मिळत. पण गळ, तंबू आणि रबरी बूट विकणाऱ्या दुकानात मिळतात, त्याच छपराखाली आणि त्याच बाईच्या काउंटरवर. एवढं ऐकून माणसं खूश होतात आणि चहा संपवून निघून जातात. पुढचं कोणी ऐकून घेत नाही. पुढचं तर आमच्या घराने तिकडे गाजवलेल्या पराक्रमाचं आहे, आणि पराक्रम करून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी मी कोण ते सांगतो. आम्ही इथल्याच कोपरीचे. आजोबांची मिठागरं, वडिलांची कळव्यापलीकडे भातशेती. पारसिकच्या डोंगरातून रानडुकरं उतरून भात लोळवायची, म्हणून वडिलांनी परवाना काढून दुनळी बंदूक घेतली. शेतावर इमारती झाल्या, डुकरं गेली, बंदूक राहिली. वडिलांच्या मागे ती माझ्या नावावर करून घेताना पोलीस स्टेशनच्या इतक्या खेपा झाल्या की तिथल्या हवालदाराने मला त्याच्या पोराच्या लग्नाला बोलावलं. शिवाय दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलिसांकडे जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. सांगायचा मुद्दा, बंदूक म्हटल्यावर घाबरणारा मी नव्हे. अमेरिकेला निघताना मला वाटत होतं, बंदुकीच्या बाबतीत तरी हे लोक मला काही नवीन दाखवणार नाहीत.

मागचं दार

आमची लेक नूतन राहते पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गपासून गाडीने तासाभरावरच्या एका गावात. सगळीकडे टेकड्या आणि मक्याची शेतं. ऑक्टोबर लागत होता, त्यामुळे झाडं पिवळी आणि तांबडी झालेली. आमची मंजुळा म्हणाली, सगळी झाडं हळदीकुंकवाला बसलेली दिसतात. घरांच्या मध्ये भिंत नाही, तारही नाही. आमच्याकडे हातभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात, इथे या घराचं गवत कुठे संपतं आणि त्या घराचं कुठे सुरू होतं ते गवतालाच माहीत.

दुसऱ्याच दिवशी मंजुळाने वडे तळले आणि कोंबडीचा रस्सा केला. आमचे वडे बटाट्याचे नव्हेत, तांदळाच्या पिठाचे, पुरीसारखे टम्म फुगणारे. घरात वडे झाले आणि शेजारी गेले नाहीत असं कोपरीत होत नाही. तिन्हीसांज झाली होती. नूतन, जावई हृषीकेश आणि सात वर्षांची नात ओवी अजून बाहेरून यायची होती. मी लुंगीवर जावयाचं काळं टोपीवालं जाकीट चढवलं, फडक्याने झाकलेलं पातेलं घेतलं आणि गवत तुडवत सरळ शेजाऱ्यांच्या मागच्या दाराशी गेलो. आपल्याकडे घरोब्याची माणसं मागच्याच दाराने येतात. पुढच्या दाराने येतात ते वसुलीवाले आणि उमेदवार. दाराची जाळी ढकलली, आत डोकं घातलं आणि घरच्यासारखी हाक मारली, "कोण आहे का घरात?"

घरात होता. सहा फूट उंच, भरघोस दाढी, डोक्यावर टोपी. मला बघताच त्याचा उजवा हात कमरेमागे गेला आणि तिथेच थांबला. बंदूक दिसली नाही, पण तो हात कशावर ठेवलेला होता हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अंधारात लुंगीवाला अनोळखी माणूस, तोंडावर टोपी, हातात झाकलेलं काहीतरी. इंग्रजी माझं रेती-सिमेंटच्या धंद्यापुरतं, त्यातही त्या क्षणी चारच शब्द हाताशी आले. पातेलं डोक्यावर धरून मी ओरडलो, "फादर ऑफ नूतन! चिकन!"

तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग इतका हसला की भिंतीला टेकला. हा डेल. त्याने कमरेचं पिस्तूल काढलं, आपण मोबाईल ठेवतो तसं फ्रिजवर ठेवलं आणि उभ्याउभ्याच वडा तोंडात टाकला. पाठोपाठ बायको कॅरल आली आणि ओवीच्याच वयाची मुलगी हेली आली. बापाला खाताना बघून हेलीने स्टूल ओढलं आणि फ्रिजवरच्या कागदी बशा काढायला वर चढली. तिचा हात आणि ते पिस्तूल यांच्यामध्ये कॉर्नफ्लेक्सचा एक खोका होता. तिने बशा काढल्या, उतरली, मला थँक्यू म्हणाली. बाकी कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

इथे असं विचारत नाहीत

रात्री जेवताना मी हे सांगितलं आणि नूतनने हातातला घास खाली ठेवला.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. "म्हणूनच मी ओवीला त्यांच्या घरात पाठवत नाही. अंगणात खेळा म्हणते."

आता ओवीची गोष्ट सांगायला हवी. ही मंडळी या गावात नवीन. शाळेत ओवीला बोलायला कोणी नाही, एक हेली सोडून. दोघी गवतावर शाळेची बस आल्यापासून काळोख पडेपर्यंत खेळतात. पण नोव्हेंबर लागला की तिकडे थंडी अशी पडते की पुढचे चार-पाच महिने पोरं घरातच. हेलीच्या घरी तळघरात झोपाळा, बाहुल्यांचं घर, सगळा थाट. हेली रोज बोलवायची, ओवी रोज विचारायची आणि नूतन रोज नाही म्हणायची. खरं कारण ती सांगू शकत नव्हती. थंडी आली की पोर एकटी पडणार, आणि सोडलं तर आईच्या जिवाला घोर. नूतन घर विकून दुसरीकडे जाण्याच्या गोष्टी करायला लागली होती. घर घेऊन वर्ष झालं नव्हतं.

मी म्हटलं, "त्यात काय, मी उद्या जाऊन सांगतो, बाबा रे, कुलपात ठेव."

"बाबा, प्लीज!" हृषीकेश जवळजवळ उभाच राहिला. जावई आमचा डोंबिवलीचा, गुणी मुलगा, पण शिंकला तरी शेजाऱ्यांची माफी मागेल असा. "इथे असं विचारत नाहीत हो. घरात बंदूक आहे का, कुठे ठेवता, हे विचारणं म्हणजे मत कोणाला देता असं विचारण्यासारखं आहे. सध्या तर निवडणूक तोंडावर आहे."

"मी विचारलेलं एकदा," नूतन म्हणाली. "कॅरलला मेसेज केलेला, की बंदुका लॉक असतात ना? तिचं उत्तर आलं, आमच्या घरात सगळ्यांना बंदुकीची शिस्त आहे. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे बघितलं नाही तिने. डेलला वाटलं आम्ही समोरच्या पार्टीचे."

दुसऱ्या दिवशी गल्लीत फिरलो तेव्हा हृषीकेशचं म्हणणं पटलं. तिथे प्रचाराचे झेंडे नाक्यावर लागत नाहीत, प्रत्येकाच्या अंगणात पाट्या रोवलेल्या असतात. राज्याच्या विधानसभेला उभे राहिलेले दोघे याच प्रश्नावर भांडत होते: घरात पोरं असली तर बंदूक कुलपात ठेवायची सक्ती करावी की नाही. डेलच्या अंगणात पाटी होती, "माझं घर, माझा हक्क". रस्त्यापलीकडे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांच्या अंगणात पाटी, "आधी मुलं". दोघे एकमेकांच्या पाटीकडे तोंड करून गवत कापायचे आणि नमस्कारही करायचे नाहीत. म्हणजे कुलूप हा शब्दच एका पार्टीचा होऊन बसला होता. हा शब्द काढला की डेलच्या कानावर समोरची पाटीच आदळणार.

फायर ब्रिगेडचा हॉल

वड्यांमुळे डेलची आणि माझी दोस्ती मात्र जमली. माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे हे नूतनकडून कळल्यावर तर तो मला गावभर मिरवायला लागला. शनिवारी त्याने मला गावच्या फायर ब्रिगेडच्या हॉलवर नेलं. तिथली फायर ब्रिगेड म्हणजे गावचीच हौशी माणसं, आणि नवीन बंबासाठी वर्गणी गोळा करायला त्यांनी सोडत ठेवली होती. आपल्या मंडळाच्या सोडतीत पहिलं बक्षीस मोटारसायकल, दुसरं मिक्सर. इथे पहिलं बक्षीस रायफल, दुसरं रायफल, तिसरं शॉटगन. भाजलेल्या मांसाचे सँडविच, बिअर, म्हाताऱ्या बाया तिकिटं फाडतायत, कडेवर पोरं. वातावरण इतकं आपल्या मांडवासारखं की मला सत्यनारायणाचा शिरा मिळेल असं वाटत राहिलं.

डेलने माझ्याही नावाचं तिकीट घेतलं होतं. आणि लागलं हो! माईकवरून माझा नंबर पुकारला, डेलने मला मिठी मारली, सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी छाती फुगवून स्टेजवर गेलो. तिथे एक बाई फॉर्म घेऊन बसली होती. बक्षीस असलं तरी सरकारी तपासणी झाल्याशिवाय बंदूक हातात देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. आणि व्हिसावर फिरायला आलेल्या पाहुण्याला तर बंदूक बाळगायचीच मनाई. बाईने गोड हसून रायफल बाजूला ठेवली आणि बदल्यात मला डुकराची एक भली मोठी खारवलेली तंगडी दिली. डुक्कर मारायला घेतलेल्या बंदुकीच्या वारसाला डुकराची तंगडी! ती मी घरी नेली तेव्हा शाकाहारी हृषीकेशने फ्रिज दोन दिवस उघडला नाही.

येताना ट्रकमध्ये डेल म्हणाला, "पाहिलंस? लोकांना वाटतं आमच्याकडे कायदाच नाही."

मी मान्य केलं. मग मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, निवडणुकीला बंदूक जमा करायची आमची पद्धत सांगितली. त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला उभा केला.

"सरकार म्हणालं आणि तू देऊन आलास?"

"पावती देतात."

"आणि परत दिली नाही तर?"

"दिली की. दर वेळी देतात."

"निवडणुकीच्या वेळीच तर ती घरात पाहिजे," तो म्हणाला आणि डोक्याला हात लावून बसला. मला त्याचं आश्चर्य, त्याला माझं. पण मग त्याने त्याचं कारण सांगितलं. तो लहान असताना गावाबाहेरच्या त्यांच्या घरात चोर शिरले होते, घरात फक्त तो आणि आई. पोलीस यायला इतका वेळ लागला की आईने तो सगळा वेळ आजोबांची शॉटगन धरून जिन्यावर बसून काढली. "कुलपात असती तर?" त्याने मला विचारलं. रात्री डोंगराखालच्या शेतावर एकटं झोपलेल्या बापाचा मी मुलगा, त्या भीतीला हसणार कसा?

तरी मी धीर करून विचारलं, "आणि हेली?"

त्याचा आवाज बदलला. "हेलीला मी शिकवलंय. ती हात लावणार नाही. आणि मॅगझिन भरलेलं असलं तरी नळीत गोळी कधीच नसते. हे तुला तुझ्या मुलीने विचारायला सांगितलं का?"

मी नाही म्हटलं. घर येईपर्यंत आम्ही दोघेही खिडकीतून मक्याची शेतं बघत राहिलो.

दसरा

दसरा नेमका शनिवारी आला. आदल्या दिवशी डेल माझ्याशी जरा जपूनच बोलत होता. मी अंगणात झेंडू तोडत होतो (तिकडे झेंडू मिळतो, नुसता शोभेला लावतात), त्याने विचारलं कशाला. मी म्हटलं, उद्या आमच्यात शस्त्रांची पूजा असते. कोयता, नांगर, गाडी, बंदूक, ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याची.

"तुमच्यात बंदुकीची पूजा करतात? देवाच्या नावाने?" त्याचे डोळे चमकले. "मग उद्या माझ्याकडे कर!"

हे मी ठरवून घडवून आणलं असं मी टेंभी नाक्यावर सांगतो. खरं म्हणजे तोपर्यंत मला काहीच सुचलेलं नव्हतं. सुचलं ते मंजुळाला. ती माझ्या मागे फुलांसाठी ताट घेऊन उभी होती, शेजारी नूतन. नूतनने तिला डेलचं बोलणं सांगितल्यावर ती म्हणाली, "करू की. पन आपल्या रीतीनं करायची, सांग त्याला. अर्धीमुर्धी नाय."

हृषीकेशने रात्रभर कायदा वाचला आणि सकाळी मला बजावलं, "बाबा, बंदुकीला हात लावायचा नाही. फूल वाहा, अक्षता टाका, पण हात नाही." नूतनने आपल्या घरात बंदूक आणू द्यायला साफ नकार दिला. म्हणून पूजा डेलच्या गॅरेजमध्ये ठरली.

आमच्या घरची रीत अशी. बंदूक आधी पुसायची, रिकामी करायची आणि उघडून पाटावर ठेवायची. काडतुसं वेगळ्या ताटात. घरातली एकूण एक माणसं, लेकरांसकट, समोर उभी पाहिजेत. घरातलं एकही हत्यार बाहेर राहता कामा नये, तो अपमान. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला विश्रांती, कोणी हात लावायचा नाही. नूतनने हे एकेक करून डेलला समजावलं आणि तो परेडला उभा असल्यासारखा मान हलवत गेला.

कॅरल जरा घुटमळत होती. "ही बंदुकीची प्रार्थना आहे का? आम्ही चर्चला जाणारी माणसं आहोत."

"बंदुकीची नाही," मी म्हटलं. "वर्षभर हिने कोणाचा घात केला नाही, म्हणून देवाचे आभार. आणि आज तरी हिला गप्प बसू दे म्हणून विनंती."

कॅरल म्हणाली, "मग मीही उभी राहते."

डेलने टेबलावर पांढरी चादर अंथरून पाच बंदुका मांडल्या होत्या. सगळ्या तेल लावून लखलखीत. टोकाला त्याच्या आजोबांची शॉटगन, तीच, जिन्यावरची. तिच्या लाकडाला हात लागून लागून खळगा पडलेला. मंजुळा तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्या मामंजींची पन अशीच झिजलेली." नूतनने हे सांगितलं तेव्हा डेलने टोपी काढली. ओवी आणि हेली पुढे, झेंडूच्या माळा घेऊन. मंजुळाने निरांजन लावलं, लांबून फुलाने हळदकुंकू शिंपडलं, एक, दोन, तीन, चार, पाच. आणि थांबली.

"ती कुठं हाय?" तिने मराठीतच विचारलं आणि स्वयंपाकघराकडे हात केला. "फ्रिजवरची?"

नूतनने भाषांतर केलं नाही. हृषीकेश जमिनीकडे बघत होता. पण कॅरलला कळलं. ती आत गेली आणि दोन्ही हातांत पिस्तूल धरून आली, मेलेला पक्षी उचलून आणावा तशी.

"नळीत गोळी नसतेच," डेल म्हणाला. तरी रीत ती रीत. त्याने गोळ्यांचं मॅगझिन काढून ताटात ठेवलं, पिस्तूल जमिनीकडे धरलं आणि वरचा भाग सरकवला.

आतून एक गोळी बाहेर आली. उडाली नाही, नुसती पडली. टप्प टप्प करत सिमेंटवरून घरंगळली आणि हेलीच्या बुटाला लागून थांबली.

हेली ती उचलायला वाकली, त्याआधी कॅरलने तिला मागे ओढलं. डेल त्या गोळीकडे बघत होता.

"मंगळवारी," तो हळू म्हणाला. "मंगळवारी रात्री मागे कचऱ्याच्या डब्यात काहीतरी वाजलं. मी लोड करून बाहेर गेलो. रॅकून होता, मांजराएवढा. परत येऊन झोपलो. मी... मी विसरलो."

त्या वेळी कोणीही काहीही बोललं असतं तरी बिघडलं असतं. नूतन इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलली असती, मी शहाणपण शिकवलं असतं. बोलली मंजुळा. मोठ्या मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "इसरतंच मानूस. त्यात काय? म्हनून तर आपल्यात बंदूक बाप्याची आन चावी बाईची."

नूतनने सांगितलं. डेलने वर बघितलं. "काय? पुन्हा सांग."

मग मी सांगितलं. आमच्या घरी बंदूक माझ्या नावावर, पण कपाटाची चावी कधीच माझ्याकडे नसते. वडिलांच्या वेळी ती आईच्या कमरेला असायची, आता मंजुळाच्या मंगळसूत्रात. पुरुष रागावतो, हळदीला जाऊन पिऊन येतो, झोपेत उठतो, विसरतो. माझ्या आई-वडिलांनी हे ठरवलं. सरकारने नाही. कायद्याने नाही. आमच्या घरात ती रीतच आहे.

"आणि तुला पाहिजे असेल तेव्हा?"

"मागतो. ती विचारते, कशाला?"

"आणि देते?"

"कारण पटलं तर."

डेलच्या मागे, रंगाचे डबे आणि नाताळच्या दिव्यांच्या गुंडाळ्यांमागे, एक लोखंडी कपाट होतं. बंदुकांचंच. दार उघडं, चावी दारालाच लटकलेली, आत जुने बूट. डेलने बूट बाहेर फेकले. एकेक बंदूक आत ठेवली, शेवटी ते पिस्तूल. दार लावलं, चावी फिरवली आणि ती हातात घेऊन उभा राहिला. मंजुळाने कॅरलला पुढे केलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओंजळीत झेंडूचं फूल ठेवलं आणि डेलला खुणावलं. त्याने चावी फुलावर ठेवली. कॅरलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती मोठ्याने हसत होती.

आपट्याची पानं तिथे कुठली? हेलीने मेपलची पिवळी पानं गोळा करून आणली, तेच सोनं आम्ही लुटलं. डेलने मला पान देताना इतका घट्ट हात दाबला की अजून अंगठा दुखतो.

दुसऱ्या दिवशी

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, कारण विश्रांती फक्त दसऱ्याची. नूतनने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. "आज तो परत फ्रिजवर ठेवेल, बघा तुम्ही," ती म्हणत होती. मला ठाम वाटत होतं ठेवणार नाही, पण तसं बोललो असतो आणि ठेवलं असतं तर माझी इज्जत गेली असती, म्हणून गप्प राहिलो.

दुपारी डेल आला. अंगणातून येऊन स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला आणि माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघायला लागला.

"मी सकाळी कॅरलकडे चावी मागितली," तो म्हणाला. "ती म्हणाली, कशाला?"

मी इतका हसलो की चहा लुंगीवर सांडला. तोही हसायला लागला.

"काय सांगितलंस मग?"

"काही सुचलंच नाही. म्हणालो, हरणांचा सीझन आला की मागेन." मग म्हणाला, "मत मी त्यालाच देणार आहे, हां. पाटी काढणार नाही. सरकारने माझ्या घरात शिरू नये हे माझं म्हणणं तसंच आहे."

"सरकार कुठे शिरलं?" मी म्हटलं. "कुलूप तुझं, चावी तुझ्या बायकोची."

त्याने विचार केला आणि मान डोलवली. पाटी त्याने खरंच काढली नाही. समोरच्या शिक्षिकाबाईंचीही पाटी तशीच राहिली. त्यांच्या विधानसभेत ज्यावर माणसं एवढी तोंडं वाजवतायत ते आमच्या मंजुळाने चिमूटभर कुंकवात केलं. आम्ही निघेपर्यंत गल्लीतल्या आणखी एका घरात चावी बायकोकडे गेल्याची बातमी कॅरलने आणली. म्हणून मी ठाण्यात छाती फुगवून फिरतो, आणि फिरणारच. मंजुळा म्हणते, एवढं काय त्यात, चावी ठेवलीय फक्त. मी म्हणतो, तू गप्प बस, तुला पराक्रम कळत नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. डेल उठून गेला आणि बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला, बोचरा गार. अंगणात खेळणं शक्यच नव्हतं. ओवी खिडकीला नाक लावून बसली होती. पलीकडच्या ओसरीत हेली हात हलवत होती आणि तिच्या मागे कॅरल उभी होती.

"आई, जाऊ?" ओवीने विचारलं. ती उत्तर माहीत असल्यासारखी आधीच रडवेली झाली होती.

नूतनने दार उघडलं आणि पावसातून ओरडून विचारलं, सरळ, इतके महिने गिळलेला प्रश्न. "कॅरल, ती फ्रिजवरची कुठे आहे?"

कॅरलने गळ्यातली साखळी ओढून वर काढली. क्रॉसच्या शेजारी चावी होती.

नूतनने ओवीच्या डोक्यावर टोपी घातली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा. पण जेवायच्या आत घरी ये, नाहीतर तिथेच बसशील गप्पा मारत."

हे वाक्य मी आणि मंजुळा कोपरीत नूतनला रोज संध्याकाळी म्हणायचो. तिच्या तोंडून ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.